पोकेमॉन कार्ड स्पर्धेसाठी डेक कसा बनवायचा? मोबाइलवरून तयारीची संपूर्ण माहिती

भोरमध्ये किंवा वेल्ह्यात (म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात) राहणाऱ्या एखाद्या पोराला पोकेमॉन कार्डांची स्पर्धा खेळायची असेल, तर सुरुवात कुठून करायची? स्पर्धा होणार पुण्यात, खेळणारे मित्र मोजकेच, आणि पाऊस सुरू झाला की तोरण्याच्या पायथ्याला मोबाइलची रेंज कधी असते, कधी नसते. त्यात हातात असतात स्टेशनरीच्या दुकानातून घेतलेली चकचकीत सोनेरी कार्डं, जी स्पर्धेत चालतच नाहीत.

तरीही तयारी घरबसल्या होते. या खेळात जिंकण्याचा मोठा भाग स्पर्धेच्या आधी, डेक बनवताना आणि तपासताना ठरतो. त्यासाठी लागतो एक साधा स्मार्टफोन, एक वही, पत्त्यांचे एक-दोन जुने कॅट आणि थोडं गणित. महागडी पाकिटं फोडायची गरज नाही. कशी करायची ही तयारी, ते या लेखात क्रमाने बघू.

डेक म्हणजे नेमकं काय?

मेंढीकोट किंवा रमी खेळताना सगळ्यांसाठी पत्ते एकच असतात. कोणाला काय पानं येतील ते वाटणाऱ्याच्या हातात. संग्रही कार्डांच्या खेळात प्रत्येक जण स्वतःचा कॅट घरून बनवून आणतो. त्या कॅटला म्हणतात डेक. कोणती पानं घ्यायची, किती घ्यायची, हे तुम्ही ठरवता. म्हणून ‘पानंच वाईट आली’ ही तक्रार इथे अर्धीच खरी असते. ती पानं डेकमध्ये घातली कोणी?

पोकेमॉनच्या ६० कार्डांच्या खेळात डेकचे मुख्य नियम असे:

- डेकमध्ये बरोबर ६० कार्डं हवीत. ५९ नाही, ६१ नाही.
- एकाच नावाची जास्तीत जास्त ४ कार्डं चालतात. फक्त बेसिक एनर्जी कितीही घेता येते.
- किमान एक बेसिक पोकेमॉन हवाच.
- ‘एस स्पेक’ लिहिलेलं कार्ड पूर्ण डेकमध्ये एकच.

डाव सुरू होताना ७ कार्डं हातात येतात आणि ६ कार्डं ‘प्राइझ’ म्हणून न बघता बाजूला पालथी ठेवली जातात. समोरच्याचा पोकेमॉन बाद केला की त्यातलं एक कार्ड तुम्ही उचलता. ‘ईएक्स’ प्रकारचा पोकेमॉन बाद केला तर दोन, आणि ‘मेगा ईएक्स’ असेल तर तीन. सहाही प्राइझ आधी उचलणारा जिंकतो. समोरच्याचा एकही पोकेमॉन मैदानात उरला नाही, किंवा त्याच्या पाळीला डेकमध्ये ओढायला कार्डच शिल्लक नसलं, तरी तुम्ही जिंकता.

आधी ॲप नीट ओळखा: लाइव्ह वेगळं, पॉकेट वेगळं

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. पोकेमॉन कार्डांची दोन अधिकृत ॲप आहेत.

पोकेमॉन टीसीजी पॉकेट: ३० ऑक्टोबर २०२४ ला जगभर आलं. डेक २० कार्डांचा, एका नावाची जास्तीत जास्त २ कार्डं, ३ गुण झाले की डाव संपला. एनर्जीची कार्डं डेकमध्ये नसतात, ती आपोआप मिळते. सुरुवातीच्या हातात बेसिक पोकेमॉन येणार याची खात्री असते. डाव पटकन संपतो, म्हणून एसटीत बसल्या बसल्या खेळायला छान.

पोकेमॉन टीसीजी लाइव्ह: जून २०२३ मध्ये आलं. टेबलावर खेळतात तोच ६० कार्डांचा खेळ, त्याच नियमांनी. स्पर्धेची तयारी करायची असेल तर हेच ॲप घ्या.

पॉकेटमध्ये तरबेज झालेला खेळाडू थेट टेबलावर बसला की पहिल्याच डावात गोंधळतो. सात कार्डांत एकही बेसिक पोकेमॉन आला नाही तर हात समोरच्याला दाखवायचा, पुन्हा पिसायचं आणि नवी ७ कार्डं घ्यायची. याला ‘मलिगन’ म्हणतात. तुमच्या प्रत्येक मलिगनमागे समोरच्याला एक जादा कार्ड घेता येतं. पॉकेटमध्ये हा प्रकारच नाही.

लाइव्ह ॲप फुकट आहे. नव्या खेळाडूला काही तयार डेक मिळतात, आणि खेळत गेलं की मिळणाऱ्या क्रेडिटमधून हवी ती कार्डं बनवता येतात. खऱ्या पाकिटात मिळणारा कोड टाकूनही कार्डं येतात. मात्र कोड एकदाच चालतो, त्यामुळे अनोळखी माणसाकडून व्हॉट्सॲपवर कोड विकत घेऊ नका. वापरून झालेला कोड माथी मारला जाऊ शकतो.

कोणती कार्डं चालतात? कोपऱ्यातलं अक्षर बघा

स्पर्धेत बहुतेक वेळा ‘स्टँडर्ड’ प्रकार असतो. त्यात जुनी कार्डं ठरावीक काळाने बाद होतात. ओळखायचं कसं? कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात छोट्या चौकटीत एक इंग्रजी अक्षर असतं. त्याला रेग्युलेशन मार्क म्हणतात. उदाहरणार्थ, ११ एप्रिल २०२५ पासून ‘एफ’ अक्षराची कार्डं स्टँडर्डमधून बाद झाली आणि ‘जी’पासून पुढची चालू राहिली. अशीच पुढची अक्षरंही मागे पडत जातात.

एक सवलत आहे. जुन्या कार्डाचं त्याच नावाचं आणि तोच मजकूर असलेलं नवं कार्ड चालू अक्षरासह छापलं गेलं असेल, तर जुनं कार्डही साधारणपणे चालतं. तरी स्पर्धेच्या तारखेला कोणती अक्षरं चालू आहेत, ते अधिकृत संकेतस्थळावर बघूनच डेक पक्का करा. यूट्यूबवरचा व्हिडिओ वर्षभर जुना असेल तर त्यातला अर्धा डेक कदाचित बाद झालेला असेल.

पायरी १: आधी एका वाक्यात बेत लिहा

राजगडावर मुक्कामाला जाताना सॅक भरतो ना, तसं डेकचं आहे. जागा ठरलेली. एक वस्तू वाढवली की दुसरी काढावी लागते. ‘असू दे, लागलं तर’ म्हणून भरलेल्या वस्तूंनीच खांदा दुखतो. डेकमध्येही ‘असू दे’ म्हणून घातलेलं कार्ड नको त्या वेळी हातात येऊन बसतं.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिहा: हा डेक दुसऱ्या पाळीपर्यंत काय करणार?

उदाहरण घेऊ. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या ‘मेगा इव्होल्यूशन’ संचातला मेगा लुकारिओ ईएक्स. तो रिओलू या बेसिक पोकेमॉनवरून इव्हॉल्व्ह होतो. त्याचा पहिला हल्ला एका एनर्जीत होतो, १३० चं नुकसान करतो आणि बाद ढिगातल्या बेसिक फायटिंग एनर्जी मागच्या बेंचवरच्या पोकेमॉनना लावतो. मग बेताचं वाक्य असं होईल: ‘पहिल्या पाळीला रिओलू खाली, दुसऱ्या पाळीला मेगा लुकारिओ आणि एक एनर्जी, लगेच हल्ला.’

आता प्रत्येक कार्डाला एकच प्रश्न विचारा. हे कार्ड या वाक्याला मदत करतं का? किंवा हे वाक्य मोडणाऱ्याला अडवतं का? दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल, तर कार्ड कितीही आवडतं असो, बाहेर.

सोबत प्राइझचा हिशोबही लिहा. मेगा ईएक्स बाद झाला की समोरच्याला तीन प्राइझ. म्हणजे तुमचे दोन मेगा गेले की डाव संपला. समोरच्याने मध्ये एखादा एका प्राइझचा पोकेमॉन बाद केला, तर त्याला एकूण तीन पोकेमॉन पाडावे लागतात आणि तुम्हाला एक पाळी जास्त मिळू शकते. असे डाव एका पाळीच्या फरकानेच जातात.

पायरी २: ६० कार्डांची वाटणी करा

सुरुवातीचा सांगाडा म्हणून ही वाटणी वापरा. हा कायदा नाही, नंतर बदलत जाल.

- मुख्य हल्लेखोर आणि त्याची साखळी: ७
- मदतनीस पोकेमॉन: ७
- पोकेमॉन शोधून आणणारी आयटम कार्डं (अल्ट्रा बॉलसारखी): १०
- नवी कार्डं ओढून देणारे सपोर्टर: ९
- समोरच्याचा बेंचवरचा पोकेमॉन पुढे खेचणारी कार्डं (बॉसेस ऑर्डर्ससारखी): ३
- बाद ढिगातून परत आणणारी कार्डं: ३
- पुढचा पोकेमॉन मागे घेणारी कार्डं: ३
- स्टेडियम, टूल आणि एस स्पेक: ६
- एनर्जी: १२

बेरीज करून बघा, ६० झाली. निम्म्याहून जास्त डेक ट्रेनर कार्डांचा आहे, हे लक्षात आलं का? नवखा खेळाडू २५-३० पोकेमॉन आणि २० एनर्जी भरतो. दिसायला डेक जबरदस्त, पण हवं ते कार्ड हातात येतच नाही.

सपोर्टर एका पाळीत एकच खेळता येतो, आयटम कितीही. पहिली पाळी ज्याची असते त्याला त्या पाळीत हल्लाही करता येत नाही आणि सपोर्टरही खेळता येत नाही. म्हणून पहिल्याच पाळीला उपयोगी पडणारी आयटम कार्डं पुरेशी हवीत.

पायरी ३: थोडं गणित, पण कामाचं

६० कार्डांतून ७ कार्डं हातात येतात. एखादं कार्ड डेकमध्ये किती ठेवलं, तर सुरुवातीच्या हातात किमान एक येण्याची शक्यता किती?

- १ कार्ड: सुमारे १२ टक्के
- २ कार्डं: २२ टक्के
- ३ कार्डं: सुमारे ३१.५ टक्के
- ४ कार्डं: ४० टक्के
- ८ कार्डं: ६५ टक्के
- १० कार्डं: ७४ टक्के
- १२ कार्डं: ८१ टक्के
- १६ कार्डं: ९० टक्के

आता या आकड्यांचा अर्थ बघा. चार रिओलू घातले तरी सुरुवातीला एक तरी हातात असण्याची शक्यता फक्त ४० टक्के. पुढच्या दोन पाळ्यांत एकेक कार्ड ओढलं, म्हणजे एकूण ९ कार्डं बघितली, तरी ती सुमारे ४९ टक्क्यांपर्यंतच जाते. म्हणजे निम्म्याहून थोड्या जास्त डावांत तुमचा बेत सुरूच होणार नाही.

त्यात रिओलू शोधून देणारी ४ कार्डं घातली, तर रिओलूपर्यंत पोहोचायचे एकूण ८ मार्ग झाले आणि शक्यता ६५ टक्क्यांवर गेली. शोधणारी कार्डं आणखी वाढवली की ती ८० च्या पुढे जाते. बॉल कार्डं दिसायला साधी, पण डेक चालतो तो त्यांच्यामुळे. फक्त अल्ट्रा बॉल वापरताना हातातली दुसरी दोन कार्डं टाकावी लागतात, ती किंमत हिशोबात धरा.

आणखी दोन आकडे पाठच करा. डेकमध्ये एखादं कार्ड एकच असेल, तर ते प्राइझमध्ये जाऊन बसण्याची शक्यता ६० पैकी ६, म्हणजे १० टक्के. दहातल्या एका डावात ते कार्ड सुरुवातीला तुमच्याकडे नसतंच. तेच कार्ड दोन घेतलं, तर दोन्ही प्राइझमध्ये अडकण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी. ज्या कार्डाशिवाय बेतच मोडतो, ते एकटं ठेवू नका.

दुसरा आकडा मलिगनचा. डेकमध्ये एकूण १० बेसिक पोकेमॉन असतील, तर साधारण चारातल्या एका डावात पहिल्या हातात बेसिक येणार नाही. १२ केले तर पाचातल्या एका डावात.

इतर आकडे काढायचे असतील तर मोबाइलवर ‘हायपरजिओमेट्रिक कॅल्क्युलेटर’ शोधा. चार रकाने भरायचे असतात: एकूण कार्डं ६०, हवी असलेली कार्डं किती, ओढणार किती, आणि किमान किती हवीत.

पायरी ४: २० हात उघडून बघा

नेट नसलं तरी ही चाचणी होते. जुन्या पत्त्यांचे दोन कॅट घ्या, ६० पानांवर कागदाच्या चिठ्ठ्या लावून कार्डांची नावं लिहा. घरच्या सरावाला हे चालतं, स्पर्धेत नाही.

नीट पिसा. १९९२ साली डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी दाखवलं होतं की दोन भाग करून एकमेकांत सोडत पिसलं, तर ५२ पत्ते पुरेसे मिसळायला साधारण सात वेळा पिसावं लागतं. आपण सवयीने दोन-तीनदा पिसतो, त्यामुळे मागच्या डावातली कार्डं एकत्रच राहतात आणि चाचणी खोटी ठरते. टेबलावर ढीग पाडत वाटल्याने पानं मोजून होतात, पिसून होत नाहीत.

आता ७ कार्डं काढा, ६ प्राइझ बाजूला ठेवा आणि फक्त पहिल्या दोन पाळ्या खेळा. वहीत एकच खूण करा: बेत जमला की नाही? नसेल तर का? ‘रिओलू नाही’, ‘एनर्जी नाही’, ‘सपोर्टर नाही’ असं दोन शब्दांत लिहा. असे २० हात झाले की कारणांची यादी समोर येते. सात-आठ वेळा ‘सपोर्टर नाही’ लिहिलं गेलं असेल, तर काय वाढवायचं ते वहीनेच सांगितलं.

बदल करताना एका वेळी एक किंवा दोनच कार्डं बदला. एकदम आठ बदलली तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

पायरी ५: आता लाइव्हवर खेळा, पण आकड्यांना फसू नका

चाचणीतून निघालेला डेक लाइव्ह ॲपमध्ये बनवा. डेकची यादी मजकूर म्हणून कॉपी करता येते आणि मित्राने पाठवलेली यादी थेट आत घेताही येते. प्रत्येक आवृत्ती व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवा. नवा बदल फसला तर जुना डेक मिनिटात परत मिळतो.

दहा डावांत सहा जिंकलात म्हणून डेक भारी आहे असं समजू नका. नुसतं नाणं उडवलं तरी दहापैकी सहा किंवा जास्त वेळा छापा येण्याची शक्यता जवळपास ३८ टक्के असते. म्हणून निकालाबरोबर हेही लिहा: समोर कोणता डेक होता, पहिली पाळी कोणाची होती, आणि हरलात तर नेमकं कोणत्या पाळीला डाव सुटला. हरलेल्या डावांची ही नोंद जिंकलेल्यांपेक्षा जास्त शिकवते.

समोर वारंवार येणारे तीन-चार डेक ओळखा. त्यातल्या एखाद्याच्या प्रकाराचा तुमच्या मुख्य पोकेमॉनला ‘वीकनेस’ असेल, तर नुकसान दुप्पट होतं. पोकेमॉनच्या स्पर्धेत मधल्या फेरीत कार्डं बदलता येत नाहीत. दुसऱ्या काही कार्ड खेळांत राखीव कार्डांची सोय असते, इथे नाही. जो उपाय हवा तो ६० मध्येच बसवावा लागतो.

भोर-वेल्ह्यातून खेळताना: रेंज, लाइट आणि एसटी

लाइव्हवर डाव चालू असताना नेट गेलं तरी घड्याळ थांबत नाही. वेळ संपली की डाव गेला. म्हणून घरात रेंज जिथे स्थिर असते ती जागा आणि वेळ आधी शोधा. ॲपचं मोठं अपडेट वाय-फाय मिळेल तिथे करून ठेवा. नवा संच येतो तेव्हा हमखास अपडेट असतं, ते स्पर्धेच्या आदल्या रात्रीवर टाकू नका. लाइट गेली, रेंज गेली, तर चिठ्ठ्यांचा डेक आहेच.

प्रवासाचा हिशोबही तयारीचाच भाग आहे. स्पर्धा बहुधा ‘स्विस’ पद्धतीने होते. हरलं म्हणून कोणी बाहेर पडत नाही, सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लागत जातात. साधारण ८ खेळाडूंना ३ फेऱ्या, १६ ला ४ आणि ३२ ला ५. तीनपैकी दोन डाव जिंकायची फेरी असेल तर ती ५० मिनिटांची धरा. पाच फेऱ्या म्हणजे नुसत्या खेळाचेच चार तास उलटले, मधला वेळ वेगळा. म्हणून नाव नोंदवतानाच आयोजकांना किती फेऱ्या आहेत ते विचारा, आणि स्वारगेटहून भोरला किंवा वेल्ह्याला परतायची शेवटची एसटी किती वाजता आहे ते डेपोत विचारून ठेवा. शेवटच्या फेरीत डोळे घड्याळाकडे असतील, तर पानांकडे लक्ष राहत नाही.

लहान गावातून काय होणार, असं वाटत असेल तर एक नाव लक्षात ठेवा. २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक प्रकार म्हणून घेतले गेले. त्यात ‘हार्थस्टोन’ या डिजिटल कार्ड खेळात भारताच्या तीर्थ मेहताने कांस्य पटकावलं. तो गुजरातमधल्या भुजचा. हार्थस्टोनचा डेक ३० कार्डांचा असतो आणि सगळा खेळ पडद्यावरच. म्हणजे सराव कुठे बसून केला, यावर सगळं अडत नाही.

सोनेरी कार्डांचं काय करायचं?

दुकानात, जत्रेत मिळणारी सोनेरी-चंदेरी प्लॅस्टिकची कार्डं जवळजवळ नेहमीच नकली असतात. जपून ठेवा, भावंडांबरोबर खेळा, पण स्पर्धेत नेऊ नका. ओळखायच्या खुणा:

- मागच्या बाजूचा निळा रंग फिका किंवा जांभळट, छपाई धूसर
- इंग्रजी स्पेलिंगच्या चुका, अक्षरांचा ठसा वेगळा
- संचाची खूण, कार्डाचा क्रमांक किंवा रेग्युलेशन मार्क गायब
- एचपी किंवा नुकसानीचे अचाट आकडे
- कार्ड फार पातळ, फार गुळगुळीत, किंवा सगळी पाकीटभर कार्डं चमकणारी

खरी कार्डं घेतानाही पाकिटं फोडत बसू नका. पाकिटात काय निघेल ते नशीब. डेक पक्का झाल्यावर हवी तीच सुटी कार्डं घेतली तर खर्च आटोक्यात राहतो. आधी फोनवर डेक पक्का, मग खरेदी, हा क्रम उलटा झाला की साठवलेले पैसे जातात आणि डेक अर्धाच राहतो. कंपनीचा तयार डेक विकत घेऊन त्यात दहा-बारा कार्डं बदलणं हाही चांगला रस्ता आहे.

घरच्यांना काय सांगायचं?

‘पत्ते’ म्हटलं की घरात जुगाराचा विषय निघतोच. तो राग उगाच नाही, म्हणून उत्तर स्पष्ट द्या. पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झाला. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला वेगळं मानलं आहे. लाइव्हवरच्या सरावात पैज नसते. मात्र ‘शंभर रुपये लावून खेळू’ असं कोणी ग्रुपवर म्हणालं, तर तिथून बाहेर पडा. अधिकृत स्पर्धांमध्येही पैज लावायला मनाई आहे.

आई-बाबांच्या फोनवर खेळत असाल तर ॲपमधल्या खरेदीला पासवर्ड लावून घ्या. पॉकेटमध्ये पाकिटं विकत घ्यायचा मोह जास्त होतो. अल्पवयीन खेळाडूच्या खात्याला पालकांची संमती लागते, म्हणून खातं त्यांच्यासोबतच उघडा.

कार्डावरचं इंग्रजी आधीच पक्कं करा

सामना चालू असताना फोन वापरता येत नाही, म्हणजे गूगल लेन्सही नाही. डेकमधल्या प्रत्येक कार्डाचा अर्थ घरीच मराठीत लिहून काढा. हे शब्द नीट समजून घ्या:

- मे: हवं तर करा, सक्ती नाही.
- अप टू टू: जास्तीत जास्त दोन, एक घेतलं तरी चालतं.
- डिस्कार्ड: बाद ढिगात टाकणे.
- सर्च युअर डेक: डेकमध्ये बघून शोधणे. त्यानंतर पिसायला विसरू नका.
- ॲक्टिव्ह आणि बेंच: पुढे लढणारा पोकेमॉन आणि मागे थांबलेले, मागे जास्तीत जास्त पाच.

एका शब्दाने डाव फिरतो. ‘मे’ला सक्ती समजून चांगली कार्डं उगाच टाकून बसणारे कमी नाहीत.

आदल्या रात्रीची यादी

1. ६० कार्डं दोनदा मोजा, दुसऱ्यांदा दुसऱ्या कोणाकडून.
2. डेकची यादी लिहा: नाव, संच, क्रमांक, किती. यादी आणि डेक जुळले पाहिजेत. चूक निघाली तर ताकीद मिळते, कधी डावही जातो.
3. सगळ्या कार्डांना एकाच रंगाची, मागून आरपार न दिसणारी स्लीव्ह. कोपरा दुमडलेली एकही नको, कारण ते खूण केलेलं कार्ड ठरू शकतं. चार-पाच जादा स्लीव्ह सोबत.
4. नुकसान मोजायच्या सोंगट्या किंवा फासे, विषबाधा आणि भाजल्याच्या खुणा, नाणं.
5. तुमचा प्लेअर आयडी. स्पर्धा तीन वयोगटांत असतात, तुमचा गट आधीच बघून ठेवा.
6. पाण्याची बाटली, डबा, चार्जर, परतीच्या भाड्याचे सुटे पैसे.
7. आता एकही कार्ड बदलायचं नाही. रात्री अकराला सुचलेल्या बदलाची चाचणी झालेली नसते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा शोधायची कुठे?
पोकेमॉनच्या अधिकृत संकेतस्थळावर जवळचे कार्यक्रम शोधायची सोय आहे. पुण्यातल्या कार्ड आणि बोर्डगेमच्या दुकानांची इन्स्टाग्राम पानंही बघत राहा. दुकानाची स्पर्धा अधिकृत नसेल तर नियम वेगळे असू शकतात, आधी विचारा.

लाइव्हवरची कार्डं स्पर्धेत दाखवली तर चालतील?
नाही. टेबलावरच्या स्पर्धेत खरी छापील कार्डंच लागतात.

पहिल्या स्पर्धेसाठी स्वतःचा डेक की इंटरनेटवरचा?
जिंकलेल्या खेळाडूची यादी जशीच्या तशी घ्यायला हरकत नाही, सगळेच घेतात. पण त्यातलं प्रत्येक कार्ड तिथे का आहे, ते सांगता आलं पाहिजे. त्यासाठी २० हातांची चाचणी त्या डेकचीही करा.

तयारीला किती दिवस लागतील?
रोज तासभर दिला तर तीन-चार आठवड्यांत एक डेक नीट ओळखीचा होतो. दर आठवड्याला नवा डेक घेतला, तर कोणताच होत नाही.

पहिल्या स्पर्धेत सगळ्या फेऱ्या हरलात तरी वही भरून परत या. परतीच्या एसटीत, नसरापूर फाटा येईपर्यंत, प्रत्येक हरलेल्या डावापुढे एक कारण लिहा. पुढच्या डेकचं पहिलं पान तिथेच तयार होईल.